मंजीची हाडं आणि वाडीचा होकार

“फ्रॅजिलिटास ऑसियम,” डॉक्टर म्हणाले.

“हे कुठलं बंदर, साहेब?” मी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. ते दवाखान्यात नवीन होते. वय कोवळं, आणि चष्मा एवढा जाड की त्यातून त्यांना माझ्या पोटातली सकाळची पेज दिसत असावी. त्यांनी माझ्या मंजीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हळूच ओढली आणि मला जवळ बोलावलं.

“तांडेल, डोळ्यातला पांढरा भाग बघा. कसा दिसतो?”

“निळसर. पहिल्यापासून तसाच आहे. पोरीच्या डोळ्यांत समुद्र उतरलाय म्हणून सगळी वाडी कौतुक करते.”

“समुद्राचा काही संबंध नाही. ती या आजाराची खूण आहे. फ्रॅजिलिटास ऑसियम म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. मूल तो जन्मतःच घेऊन येतं. हाड वाढतं, पण आतलं बांधकाम कच्चं राहतं. मग पडायला नको, आपटायला नको, नुसतं कुशीवर वळलं तरी मोडतं.”

माझी बायको काशी दाराशी भिंतीला टेकून उभी होती. दवाखान्यात ती कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं.

“म्हणजे आमी पोरीला मारत न्हाय, हे तुमाला पटलं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कोण म्हणालं तुम्ही मारता?”

कोण म्हणालं नव्हतं, ते विचारा! मंजीला तेव्हा पाचवं लागलं होतं, आणि तोवर तिचे हातपाय इतक्या वेळा मोडले होते की आमच्या हाडवैद्यानं बांधायच्या बांबूच्या कामट्या आमच्याच घरी ठेवून दिल्या होत्या. रोज उठून कोण वाहणार! पहिल्यांदा मोडलं ते पालथी पडायला शिकताना. मग एकदा आईनं हौसेनं बांगड्या चढवल्या तेव्हा मनगट. आणि एका सकाळी पोर शिंकली नि बरगडी मोडली. हाड मोडलं की ती ओरडायची. भिंतीपलीकडच्या शेजारणीला ओरडणं ऐकू यायचं, शिंक ऐकू यायची नाही. त्यामुळे तांडेल बाहेर हसतो आणि घरात राक्षस होतो, असं आमच्या मांडवी बंदराच्या पाणवठ्यावर ठरून गेलं होतं. एका डॉक्टरानं, त्याचं नाव मी सांगत नाही, मला बाहेर उभं करून काशीला विचारलं होतं, “नवरा दारू पितो का?”

म्हणून सांगतो, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं मूल असेल, तर तो रोगाचं नाव कळण्याचा दिवस वाईट मानू नका. आमच्या घरी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी काशी पोटभर जेवली.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं ते सावकाश सांगितलं. मंजीचा उजवा पाय नडगीत मोडून मोडून कोयत्यासारखा वाकला होता. मुंबईला हाडांचे सर्जन होते. ते वाकलेलं हाड कापून सरळ करतात, त्यावर प्लास्टर चढवतात. प्लास्टर म्हणजे चुन्यासारख्या भुकटीत भिजवलेल्या पट्ट्या, वाळल्या की दगड. मग पायाला कॅलिपर, म्हणजे चामड्याचे पट्टे आणि लोखंडाच्या सळ्या यांचा आधार. “पण आणखी एक पावसाळा असाच गेला,” डॉक्टर म्हणाले, “तर पाय इतका वाकेल की ही उभी राहील असं मी म्हणू शकणार नाही.”

“आणि सरळ केला तर पुन्हा मोडणार नाही?”

“मोडेल. हे बरं करणारं औषध अजून कुणाकडे नाही. पण तांडेल, तुमच्याकडचा जांभा चिरा खाणीतून काढतात तेव्हा कसा असतो?”

“मऊ. कुदळीनं कापता येतो.”

“आणि चार वर्षं वारा-ऊन खाल्ल्यावर?”

“कुदळ मोडते.”

“ही मुलं पुष्कळदा तशीच असतात. वय वाढेल तसं मोडणं कमी होतं. तोवर हाडं वाकडी जुळू द्यायची नाहीत, एवढंच आपलं काम.”

मी खर्च विचारला. डॉक्टरांनी सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही, दौतीतली शाई सुकून जाईल. गरिबाला खाट फुकट मिळाली असती, पण प्लास्टर, कॅलिपर, पाय वाढेल तसा दरवर्षी नवा कॅलिपर, आणि पोरीबरोबर आईनं कित्येक महिने मुंबईत राहायचं, खायचं काय? माझा पडाव, म्हणजे उतारू नेण्याची मोठी होडी, विकला असता तर एक वर्ष निघालं असतं. मग पुढल्या वर्षी काय विकू, समुद्र?

पौष चालू होता. पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणजे जे काही करायचं ते बंदर बंद व्हायच्या आत.

आता माझी पंचाईत ऐका. आमच्या मांडवीला आगबोट धक्क्याला लागत नाही, दूर खोल पाण्यात उभी राहते. तिथपर्यंत उतारू नेणं-आणणं हे आम्हा पडाववाल्यांचं काम. त्या मधल्या पाण्यात लोकांना पोटातून ढवळतं. माझा पडाव मी दोनदा दोनदा धुवायचा का? म्हणून मी गोष्टी सांगतो. गोष्ट ऐकणारा माणूस उलटी करत नाही, हा माझा शोध आहे. एकदा एका देवमाशानं पाठ खाजवायला माझ्या पडावाचा तळ वापरला आणि खाजवता खाजवता आम्हाला थेट जयगडला पोचवलं, वर बिडी मागितली. हर्णेच्या संध्याकाळच्या लिलावात एका खेकड्यानं स्वतःवरची बोली स्वतःच वाढवली, आणि दलालाला ती मान्य करावी लागली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. बंदरावर मला सगळे ओळखत होते, आणि सगळे मानत होते की या माणसाचा एक शब्द खरा नाही.

अशा माणसानं भरल्या पडावात उभं राहून सांगितलं, “मंडळी, माझ्या मुलीची बरगडी शिंकेनं मोडते, तिला मुंबईस न्यायला मदत करा.”

पडाव हसून हसून एका बाजूला कलला. कणकवलीचे एक म्हातारे उतारू डोळे पुसत म्हणाले, “तांडेल, देवमाशाहून ही फक्कड!” आणि गोष्टीचं बक्षीस म्हणून त्यांनी माझ्या हातावर एक आणा ठेवला. मी तो घेतला. खऱ्या गोष्टीची आयुष्यातली पहिली कमाई, ती नाही कशाला म्हणू?

नारळांचे व्यापारी अंतूशेट यांच्याकडे गेलो. ते वखारीत बसून नारळ कानाशी हलवून बघत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “परवा तुझा देवमासा शिंकला होता, आज पोर शिंकली. तुझ्या घराला सर्दी फार रे, तांडेल.”

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. गोष्ट लहान केली. पोर पायरीवरून पडली, पाय मोडला, एवढंच सांगू लागलो. आता लोकांनी विश्वास ठेवला. लगेच ठेवला. आणि म्हणाले, “मग हाडवैद्य आहे की! पाय मोडला म्हणून कुणी मुंबईस जातं?”

म्हणजे खरं सांगावं तर कुणाला पटत नाही, आणि पटेल एवढंच सांगावं तर कुणाचा हात खिशाकडे जात नाही. मी पडावात बसून गप्प राहिलो. आमचे वल्हेकरी घाबरले. गणू वल्हेकऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

काशी म्हणाली, “तुमी आता गपच ऱ्हावा. शिमगा येतोय. धोंडूकाकांकडे जावा.”

धोंडूकाका आमच्या ग्रामदेवाचे गुरव. शिमग्यात देवाची पालखी वाडीवाडीतून फिरते आणि प्रत्येक वाडीच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी ओट्यावर, बसते. सगळी वाडी भोवती जमते, मुंबईचे चाकरमानीसुद्धा रजा घेऊन आलेले असतात. मग गुरव गाऱ्हाणं घालतो. वाडीचं सुखदुःख एकेक करून देवापुढं मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. लहानपणापासून आम्ही ते म्हणतो. झोपेत गुरवाचा आवाज ऐकला तरी आमच्यातला माणूस “व्हय म्हाराजा” म्हणून कूस बदलेल. आणि सहाणेवर म्हटलेलं व्हय मागे घेता येत नाही.

धोंडूकाकांनी माझं तोंड बघूनच नकार दिला. “तुझा शब्द मी देवाच्या कानावर घालणार न्हाय. देव मला विचारील, धोंड्या, तू पण?”

“मग येऊन बघा.”

ते आले. मंजी सावरीच्या कापसानं भरलेल्या पाटीत बसली होती. मासळीची पाटी, पण काशीनं ती अशी घासली होती की मांजरदेखील फिरकत नव्हतं. काकांनी मायेनं तिला उचलायला हात पुढं केले, आणि काशीनं त्यांचं मनगट धरलं. गुरवाचं मनगट!

“काका, डोक्यावर हात ठेवा. पण भार नको.”

मग तिनं सांगितलं. काय मोडलं, कधी मोडलं, डॉक्टर काय म्हणाले. तिनं एकही शब्द मोठा केला नाही. मला मधे दोनदा राहवलं नाही, पण तिनं बघितलं, आणि मी घराबाहेर जाऊन उभा राहिलो. खिडकीतून दिसत होतं. म्हाताऱ्याचा हात मंजीच्या केसांवर, केसांना न लागता, तसाच थांबला होता, आणि मंजी त्याला विचारत होती, “आजोबा, हात दुखेल ना तुमचा?”

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “मांडतो. शब्द काशीचे.”

“आणि जागा माझी,” मी म्हटलं.

“कसली जागा?”

“गाऱ्हाण्यात पटकीच्या नंतर आणि गलबतांच्या आधी. तिथं सगळ्यांचा गळा तापलेला असतो.”

काकांनी वहाणा पायात सरकवल्या. “तुझा बापूस पण असलाच होता,” म्हणाले आणि गेले. त्यात होकार होता की शिवी, मला आजवर कळलेलं नाही.

पालखी आमच्या सहाणेवर आली ती ऐन दुपारी. ढोल एवढा वाजला की भाट्याच्या खाडीतले मासे काठावर येऊन नाचले असं मी म्हणणार होतो, पण आजच्या लिखाणात राहू दे. चाकरमानी नव्या टोप्या घालून पुढं उभे होते. अर्ध्यांचं लक्ष पालखीकडे, अर्ध्यांचं घरातल्या पुरणपोळीकडे. काशी पाटी घेऊन कडेला बसली होती. धोंडूकाकांनी हातात नारळ घेतला.

“बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत, त्यांची चूकभूल पदरात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पटकी, देवी, ताप, सगळं वेशीच्या भायर ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“या तांडेलाच्या मंजीची हाडं जल्माची कच्ची हायत, तिचा पाय मुंबईस सरळ करायचा हाय. पोर उभी ऱ्हाईपर्यंत दर घरानं नारळाचा वाटा, दर पडावानं एका खेपेची कमाई, मुंबईकरानं पगारातला आणा द्यावा, आणि मुंबईत मायलेकींना उपाशी ठेवू नये, असा शब्द ही वाडी तुला देते म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तो व्हय असा गेला की पलीकडच्या भगवती बंदरावरचे कावळे उडाले. हे खरं आहे, विचारा कुणालाही.

“गलबतं सुखरूप आण म्हाराजा!”

“व्ह...” आणि तिथंच आवाज मोडला. माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण आत्ता काय म्हणालो?

पहिले अंतूशेट बोलले. “मी व्हय म्हटलंच न्हाय. मला ठसका लागला होता.”

“म्हाराजाच्या तालावर ठसका, शेट?” गणू वल्हेकरी मागून ओरडला. हशा झाला. पण हसणारेही अस्वस्थ होते. गिरणीत कामाला असलेला सखाराम पुढं आला. सरळ माणूस. म्हणाला, “काका, शब्द दिला तो दिला. पण पोरीचं खरं हाय का? सांगणारा कोण हाय ते बघा.”

“सांगणारा मी हाय,” धोंडूकाका म्हणाले. “आणि मला हिनं सांगितलं.”

सगळ्यांनी काशीकडे बघितलं. ती उठली. पदर खोचून पाटी सहाणेजवळ आणून ठेवली आणि म्हणाली, “ज्याला खोटं वाटतं त्यानं तिला उचलून बघावं. मोडलं तर त्यानंच बांधावं.”

कुणी पुढं झालं नाही. पाटीत बसलेली मंजी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मग माझ्याबद्दल पाणवठ्यावर सांगत फिरणारी आमची शेजारीण, भागीकाकी, गर्दीतून आली, पाटीजवळ खाली बसली, आणि पदराच्या टोकानं मंजीच्या नाकावरचा गुलाल पुसू लागली. इतक्या हळू पुसत होती की तो संध्याकाळपर्यंत निघाला नसता. “माझ्या माडाचे नारळ आधी न्या,” ती म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

“गलबतं ऱ्हायली मधेच,” धोंडूकाका खेकसले, आणि गाऱ्हाणं पुढं चालू झालं.

नंतर मला पुष्कळांनी विचारलं, तांडेल, ही फसवणूक नव्हे का? नव्हे. शब्द खरे होते, देव खरा होता. मी फक्त वारा कुठून येतो ते बघून शीड लावलं.

चैत्रात आम्ही निघालो. पाटी पडावातून आगबोटीवर चढवताना बोटीवरचा एक खलाशी “मासळी वर नको” म्हणून ओरडला. पाटीतून मंजी म्हणाली, “मी मासळी न्हाय, मी मंजी.” खलाशी पडता पडता राहिला.

मुंबईचं इस्पितळ केवढं म्हणाल? त्याच्या एका टोकाला सकाळ झाली की दुसऱ्या टोकाला अजून पहाट असते. तिथं बसून राहण्याची एक वेगळी खोली आहे, आणि त्या खोलीत बसणं हाही एक इलाजच समजा, कारण माझ्यासारख्या बडबड्यालाही तिथं मुकाट्यानं दुसऱ्याचं ऐकता येऊ लागलं. शेजारी पायाला कसलीशी पट्टी बांधलेली मुलं, खांद्यावर पदर ओढून बसलेल्या बाया. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी काठेवाडातून.

पहिली तपासणी एक्स-रे. एक्स-रे म्हणजे कातडीच्या आतलं चित्र काढणारा दिवा. दुखत नाही, पण हलायचं नाही. सर्जनसाहेब पारशी होते, उंच, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी काच उजेडाला धरली. इतर मुलांच्या काचांवर हाडं चुन्यानं काढल्यासारखी पांढरी दिसत होती. मंजीची धुक्यातल्या डोलकाठीसारखी, आहे म्हणावं तर आहे. जिथं जिथं मोडून जुळलं होतं तिथं तिथं गाठ होती. मी मोजू लागलो आणि सोडून दिलं. साहेबांनी काच खाली ठेवली.

“असा पोरा मी लई बघितले,” ते त्यांच्या मराठीत म्हणाले. “पण बघितले ते पैसावाल्याचे. गरिबाचा पोरगा मला दिसत नाय. तेला असा रोग होते नाय काय? होते. घरामदी कोपऱ्यात बसून राहते. हाड सीधा करते ते मी. पण घरापासून माझ्या टेबलापर्यंत कोण आणते? तुला कोणी आणला?”

मी सगळं गाऱ्हाणं त्यांना सांगितलं, ठसक्यासकट. साहेब एवढे हसले की बाहेरून नर्स धावत आली. पण मुख्य म्हणजे, त्यांना ते खरं वाटलं.

क्लोरोफॉर्म देतात, म्हणजे झोप आणणारं औषध रुमालावर हुंगवतात. मंजीला आत नेलं तेव्हा तिनं माझं बोट सोडलं नाही, मी तिचं सोडवलं नाही. शेवटी नर्सनं तिचं एकेक बोट उलगडलं, अगदी हळू, आणि तेव्हाच मला वाटलं की ही माणसं जाणतात. दरवाजा बंद झाला. त्या वेळाबद्दल मला अतिशयोक्ती करता येत नाही.

पाय सरळ झाला. प्लास्टर चढलं. मला पोट भरायला मांडवीला परतणं भाग होतं, काशी राहिली. इस्पितळात आईच्या जेवणाची सोय नव्हती, पण गिरगावात आमच्या गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली आहे, तिथं सखाराम आणि मंडळी राहत. दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी पाळ्या लावल्या आणि रोज कुणीतरी डबा पोचवू लागला. गिरणीत सूत धरणारे हात ते. काशी पुढं सांगायची की सखारामच्या आमटीत मीठ पडलं की समुद्र कमी व्हायचा, आणि एका पोरानं केलेल्या भाकरीवर मंजीचं प्लास्टर ठोकून बसवता आलं असतं. तरी एकही दिवस डबा चुकला नाही. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी सुका बांगडा. वॉर्डातल्या बाया विचारायच्या, “एवढे भाऊ आहेत तुला?” काशी म्हणायची, “व्हय.”

पाऊस लागला, आगबोटी थांबल्या, आणि मी इकडे अडकलो. सखारामचं पत्र घाटमाथ्यावरून फिरून यायचं. त्यातल्या एकात होतं, मंजीचा हात मोडला, खाटेवरच, उशी सरकवताना. एवढ्या खटपटीनंतर, इस्पितळात, डॉक्टरांच्या देखत! मी पत्र घेऊन आमच्या जाड चष्म्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “तांडेल, मी सांगितलं होतं, मोडेल. आता तो हात सरळ जुळेल. आधीचे जुळले नव्हते. फरक तेवढाच, आणि तो फार मोठा आहे.” मला तेव्हा पटलं नाही. आज पटतं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हे आधीच पटवून घ्यावं, म्हणजे माझ्यासारखं पावसात भिजत घरी जावं लागणार नाही.

प्लास्टर काढल्यावर साहेबांनी मंजीला कोमट पाण्याच्या हौदात सोडायला सांगितलं. पाण्यात अंग हलकं होतं, हाडावर भार न येता पाय हलवता येतात. पोर माशासारखी हलायला लागली. शिवाय कॉड लिव्हर ऑईल, म्हणजे एका माशाच्या काळजातलं तेल. त्यानं हा रोग जात नाही, ताकद येते. आमच्याकडे मुशी माशाचं तेल होडीच्या लाकडाला चोळतात, म्हणून मंजी नर्सला सांगायची, “मला उद्या पाण्यात ढकलणार वाटतं.”

नारळी पुनवेनंतर बोटी चालू झाल्या आणि मायलेकी परत आल्या. धक्क्यावर वाडी जमली होती. पाटी खाली ठेवली. काशीनं मंजीला उचललं, एक हात ढुंगणाखाली, एक पाठीखाली, आणि दगडावर उभं केलं. उजव्या पायाला कॅलिपर, दोन्ही हातांत काठ्या. काशीनं हात काढून घेतले.

पोर उभी राहिली.

मंजी डोलली, सावरली, आणि आजूबाजूला बघून म्हणाली, “सगळे केवढे बुटके झालात!” आजवर ती पाटीतून वर बघत आली होती ना.

तेवढ्यात अंतूशेट घसा साफ करून म्हणाले, “चला, बरं झालं. पोर उभी ऱ्हायली. शब्द पुरा झाला.”

मी काही बोलणार तोच मंजी काशीचा पदर ओढून म्हणाली, “आये, मला बसव.” काशीनं बसवलं. “बसले हो, शेट,” मंजी म्हणाली.

त्यानंतर दरवर्षी नव्या कॅलिपरची वेळ आली की अंतूशेट एकदा तरी विचारतात, “पोर उभी राहते ना आता?” आणि मंजी जिथं असेल तिथं बसते. त्यांच्या वाट्याचे नारळ एवढे लहान असतात की चिमणीनं दोन पायांत दोन न्यावेत. पण येतात. वाडीतल्या इतरांचंही येतं. मंजीची आणखी काही हाडं मोडली, सरळ जुळली. आता मोडण्यातलं अंतर वाढत चाललंय. ती मराठी शाळेत चौथीत आहे, वर्गात पहिली नव्हे, पण शेवटचीही नव्हे.

तुमच्याकडे असं मूल असेल तर एवढं करा. काखेत धरून उचलू नका, पाय धरून लंगोट बदलू नका. चोळणाऱ्याच्या हाती देऊ नका. डोळ्यांचा पांढरा भाग बघा. आणि मदत मागायला लाजू नका, फक्त सांगायला घरातलं सगळ्यांत कमी बोलणारं माणूस पाठवा.

परवा आंजर्ल्याची एक बाई आली. कुणाकडून तरी ऐकून आली होती. कडेवर तान्हं मूल, डोळे निळसर, दोन्ही मांड्यांना कामट्या. नवरा मुंबईला गोदीत. ती आमच्या पडवीत बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते, “मी त्याला मारत न्हाय हो.”

काशीनं काही म्हणायच्या आत मंजी काठ्या टेकत तिच्याजवळ गेली. “काकी, कडेवर नको. असं धरा. दोन हात खाली घाला, पसरून. आता उचला. बघा, रडला न्हाय.”

बाईनं मुलाकडे बघितलं, मंजीच्या पायातल्या सळ्यांकडे बघितलं. “तुला दुखतं का गो?”

“मोडलं की दुखतं,” मंजी म्हणाली. “मग बांधतात. मग शाळेत जायचं.”

आंजर्ल्याच्या मुलाला आमच्या वाडीचा शब्द लागू होतो का, यावर दोन दिवस वाद झाला. दोन्ही दिवस भागीकाकी बायकांना घेऊन सुंभ वळत बसली होती, विकून तिकिटाचे पैसे करायला. वाद संपायच्या आधी तिकीट आलं. पारशी साहेबांना मंजीनं स्वतः चार ओळी लिहिल्या, सखारामला डब्याचं कळवलं. आगबोटीच्या दिवशी मी मायलेकरांना पडावात घेतलं. समुद्र जरा उसळलेला होता. बाई मधल्या फळीवर बसली होती, मुलाच्या खाली दोन्ही तळवे पसरून, मंजीनं दाखवलं तसे.

बाकीचे उतारू म्हणाले, “तांडेल, गोष्ट सांगा.”

“आज न्हाय,” मी म्हटलं. सुकाणू दोन्ही हातांनी धरलं होतं. प्रत्येक लाटेला पडाव तिरका घेत होतो, म्हणजे हिसका बसू नये. गणूला सांगितलं, “हळू. आणखी हळू.” आगबोटीनं शिटी दिली. मग दुसरी दिली. तिसऱ्या शिटीला कप्तान स्वतः कठड्याशी येऊन हात हलवू लागला.

“वाजव बाबा,” मी म्हटलं, “हवी तेवढी वाजव. आम्ही येतोय.”